शून्याचा जाब : ॲक्सिऑन आणि विश्वाचे न दिसणारे वस्तुमान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे, तर विज्ञानाचे एखादे जुने यश पुन्हा सांगण्यापेक्षा अजून न सुटलेला प्रश्न तुमच्यापुढे मांडावा असे मला वाटले. प्रश्न असा : विश्वातले बहुतेक वस्तुमान कशाचे बनले आहे? त्याचे एक संभाव्य उत्तर म्हणजे ॲक्सिऑन नावाचा कण. तो आजवर कोणालाही सापडलेला नाही. तरीही गेली चाळीसहून अधिक वर्षे भौतिकशास्त्रज्ञांच्या पिढ्या त्याच्या मागावर आहेत, आणि या चिकाटीला सबळ कारण आहे. ॲक्सिऑनची कल्पना कृष्णद्रव्याचे, म्हणजे या न दिसणाऱ्या वस्तुमानाचे, कोडे सोडवण्यासाठी मुद्दाम रचलेली नाही. ती निघाली एका मोजमापातून, ज्याचे उत्तर शून्य आले होते. शून्य आले म्हणून मोजणारे हात झटकून मोकळे झाले नाहीत. शून्यच का आले, असा जाब त्यांनी निसर्गाला विचारला. नीट मोजून आलेले शून्य हे ज्ञान असते आणि त्याचा पाठपुरावा करावा लागतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हिशेबात न बसणारे वस्तुमान

आधी प्रश्नाची ओळख करून घेऊ. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या कोमा दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहूच शकल्या नसत्या. समूह केव्हाच विखुरला असता. पुढे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मापने प्रसिद्ध केली. केंद्रापासून दूर जावे तसा ताऱ्यांचा आणि वायूचा वेग कमी व्हायला हवा, जसा सूर्यापासून दूरच्या ग्रहांचा होतो. तो कमी होत नव्हता. दीर्घिकेच्या उजेडाबाहेरही वस्तुमान पसरलेले होते.

आज हा पुरावा फक्त दीर्घिकांपुरता नाही. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपाने आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यातले चढउतार प्लँक उपग्रहाने बारकाईने मोजले. त्या हिशेबानुसार विश्वाच्या एकूण ऊर्जेत आपल्या ओळखीच्या द्रव्याचा, म्हणजे अणूंचा, वाटा जेमतेम ५ टक्के आहे. कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के, आणि उरलेली कृष्णऊर्जा. तारे, ग्रह, समुद्र, माणसे हे सारे मिळून होणाऱ्या द्रव्याच्या पाचपटीहून अधिक द्रव्य आपल्याला दिसतच नाही.

हे द्रव्य कसे असायला हवे, हेही निरीक्षणांनी बरेचसे ठरवून टाकले आहे. ते प्रकाशाशी जवळपास संबंध ठेवत नाही, विश्वाच्या वयाइतका काळ टिकते आणि ते थंड आहे. थंड म्हणजे त्याचे कण फार सावकाश फिरतात. वेगाने पळणारे कण गुरुत्वाकर्षणाच्या लहान खळग्यांत थांबले नसते आणि लहान दीर्घिका घडल्याच नसत्या. न्यूट्रिनो नावाचे अतिशय हलके, वेगवान कण या परीक्षेत इथेच नापास झाले.

न्यूट्रॉनचे शून्य

आता विश्वाच्या पसाऱ्यातून थेट अणूच्या गाभ्यात जाऊ. न्यूट्रॉनवर एकूण विद्युतभार नसतो, हे शाळेत शिकवतात. पण तो क्वार्कांचा बनलेला आहे आणि क्वार्कांवर धन आणि ऋण भार आहेत. मग न्यूट्रॉनच्या एका टोकाला थोडा धनभार आणि दुसऱ्या टोकाला थोडा ऋणभार असे का असू नये? अशा विभागणीला विद्युत द्विध्रुव म्हणतात. नॉर्मन रॅम्से, एडवर्ड पर्सेल आणि जेम्स स्मिथ यांनी १९५०च्या दशकात हा द्विध्रुव मोजायचा प्रयत्न केला. उत्तर शून्य आले. तेव्हापासून मापन सुधारत गेले आणि शून्य कायम राहिले.

अलीकडचे मापन स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये झाले. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. न्यूट्रॉन इतके मंद करतात, की त्यांचा वेग सेकंदाला काही मीटर एवढाच उरतो. असे न्यूट्रॉन बंद भांड्यात कोंडून ठेवता येतात. भांड्यात अगदी सौम्य चुंबकीय क्षेत्र असते आणि त्यात न्यूट्रॉनचा स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकीचा अक्ष, ठराविक लयीत घुमत राहतो. मग त्यावर जोरदार विद्युतक्षेत्र लावायचे, लय मोजायची. विद्युतक्षेत्राची दिशा उलटवायची, पुन्हा लय मोजायची. द्विध्रुव असेल तर दोन लयींत फरक पडेल. चुंबकीय क्षेत्रात जरा जरी चलबिचल झाली तर ती पकडता यावी, म्हणून त्याच भांड्यात पाऱ्याचे अणू सोडलेले असतात आणि त्यांचीही लय सतत मोजली जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालातही फरक सापडला नाही. न्यूट्रॉन पृथ्वीएवढा मोठा कल्पिला, तर त्यातल्या धन आणि ऋण भारांमधले अंतर दोन मायक्रॉनपेक्षाही कमी असले पाहिजे, इतके हे शून्य पक्के आहे.

यात अडचण अशी, की सिद्धान्ताला हे शून्य अपेक्षित नव्हते. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाच्या समीकरणांत एक पद येते. त्याच्याबरोबर एक कोन येतो. त्याला थीटा म्हणतात. १९७६ साली जेरार्ड टॉफ्ट यांच्या कामातून स्पष्ट झाले, की हे पद नुसते कागदावरचे नाही, त्याचे प्रत्यक्ष परिणाम होतात. हा कोन शून्य नसेल, तर प्रबळ बलाच्या दृष्टीने काळ पुढे जाणे आणि मागे जाणे यांत फरक पडतो, आणि त्याची खूण म्हणजे न्यूट्रॉनचा द्विध्रुव. कोन वाटेल तो असू शकला असता. मापन सांगते की तो एक हजार कोटींत एका भागापेक्षाही लहान आहे.

दुर्बल बलाच्या बाबतीत निसर्ग इतका काटेकोर नाही. जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांनी १९६४ सालीच के-मेसॉन कणांच्या क्षयात याच्याशी जोडलेली कण आणि प्रतिकण यांच्यातली सममिती मोडलेली पाहिली होती. मग प्रबळ बलानेच एवढी शिस्त का पाळावी? आपण जगू शकावे म्हणून हा कोन लहान आहे, अशी सबबही इथे चालत नाही. तो आहे त्या मर्यादेच्या हजारपट असता, तरी अणूंचे आणि ताऱ्यांचे काही बिघडले नसते. गरज नसताना निसर्गाने हा कोन शून्याजवळ ठेवला आहे, आणि गरजेशिवाय घडलेल्या गोष्टीला कारण असावे लागते.

१९७७ साली स्टॅनफर्डमध्ये रॉबर्टो पेचेई आणि हेलन क्विन यांनी कारण सुचवले. त्यांचे म्हणणे असे, की थीटा हा कायमचा ठरलेला आकडा नसून ते सर्वत्र पसरलेले क्षेत्र आहे, त्याची किंमत बदलू शकते आणि ऊर्जा सर्वांत कमी जिथे होते, तिथे ते आपोआप येऊन स्थिरावते. ती जागा म्हणजेच शून्य. पुढच्याच वर्षी स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की असे क्षेत्र असेल तर त्याचा कणही असलाच पाहिजे. तो कण म्हणजे ॲक्सिऑन.

हा पहिला ॲक्सिऑन फार काळ टिकला नाही. त्याचे गुणधर्म इतके नेमके होते, की तो अणुभट्ट्यांजवळ आणि मेसॉनच्या क्षयात दिसायलाच हवा होता. शोधले, दिसला नाही, आणि काही वर्षांतच तो निकालात निघाला. पण मूळ कल्पना मेली नाही. या क्षेत्रामागे असलेली सममिती, म्हणजे पेचेई-क्विन सममिती, मोडण्याची ऊर्जा खूप जास्त धरली, तर ॲक्सिऑन अतिशय हलका होतो आणि इतर द्रव्याशी त्याचा संबंध अतिशय क्षीण होतो. १९७९ ते १९८१ या काळात दोन वेगवेगळ्या गटांच्या सिद्धान्तांतून असा ‘अदृश्य’ ॲक्सिऑन पुढे आला. तेव्हा अनेकांना वाटले, की आता हा कण कधीच कोणाच्या हाती लागणार नाही.

विश्वाचा पहिला मायक्रोसेकंद

१९८३ साली गोष्टीने वळण घेतले. प्रेस्किल, वाइज आणि विल्चेक; ॲबट आणि सिकिवी; डाइन आणि फिशलर अशा तीन गटांनी एकाच सुमारास एक हिशेब मांडला. इतका हलका आणि अलिप्त कण विश्वाच्या सुरुवातीला असेल, तर आज त्याचे काय झाले असेल? उत्तर असे आले, की तो आजही विश्वात भरून राहिला असेल, आणि त्याचे वस्तुमान कृष्णद्रव्याएवढे भरू शकेल. न्यूट्रॉनच्या शून्यासाठी काढलेले औषध दुसऱ्याच दुखण्यावर लागू पडत होते.

हे कसे घडते ते सावकाश पाहू, कारण माझ्या मते साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. समजा, एक झोपाळा आहे आणि गुरुत्वाकर्षण अजून सुरूच झालेले नाही. झोपाळा ज्या कोनात सोडाल, त्याच कोनात राहील. खाली येण्याचे त्याला कारणच नाही. अगदी सुरुवातीच्या विश्वात थीटाच्या क्षेत्राची अवस्था अशीच होती. तापमान इतके प्रचंड होते, की शून्याकडे ओढणारे बलच तयार झाले नव्हते. त्यामुळे कोन जो पडला तो पडला. शून्यच असावा, असे काही बंधन नव्हते.

विश्व विस्तारत गेले, थंड होत गेले. तापमान काही लाख कोटी अंशांवर येऊ लागले, तसे प्रबळ बल आपला प्रभाव दाखवू लागले. आता झोपाळ्यावर गुरुत्वाकर्षण हळूहळू चढू लागले, असे समजा. तरीही तो लगेच हलत नाही, कारण विश्वाचा विस्तार क्षेत्राच्या हालचालीला विरोध करतो. ओढ वाढते आहे, विस्ताराचा वेग कमी होतो आहे. ज्या क्षणी ओढ विरोधावर मात करते, त्या क्षणी झोपाळा सुटतो आणि झुलू लागतो. हा क्षण महास्फोटानंतरच्या पहिल्या मायक्रोसेकंदाच्या आसपासचा. त्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी, तापमान दोन लाख कोटी अंशांच्या खाली उतरताना, मोकळे क्वार्क एकत्र येऊन प्रोटॉन आणि न्यूट्रॉन बनले. तोपर्यंत ॲक्सिऑनला त्याचे आजचे वस्तुमान मिळालेले होते.

क्षेत्राच्या या आंदोलनात ऊर्जा असते. विश्व विस्तारते तशी आंदोलने लहान होत जातात आणि त्यांची ऊर्जा नेमकी तशाच प्रमाणात विरळ होते, जशी स्थिर उभ्या असलेल्या कणांच्या गर्दीची झाली असती. म्हणजे ॲक्सिऑन असेल, तर ही आंदोलनेच कृष्णद्रव्य असू शकतात. न्यूट्रिनो उष्णतेतून जन्मले म्हणून वेगाने पळत सुटले. हे ॲक्सिऑन उष्णतेतून जन्मले नाहीत, एका क्षेत्राच्या एकसंध झुलण्यातून जन्मले. म्हणून अतिशय हलके असूनही ते जन्मतःच थंड आहेत.

यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. आंदोलन आजही पूर्ण थांबलेले नाही. ॲक्सिऑन हेच आपल्या आकाशगंगेतले कृष्णद्रव्य असेल, तर थीटा आजही शून्याच्या दोन्ही बाजूंना डोलत असला पाहिजे. हे डोलणे किती? एक भागिले एकावर साधारण १८ शून्ये, याहूनही कमी. म्हणजे न्यूट्रॉनचा द्विध्रुव सरासरीने शून्य असला, तरी क्षणोक्षणी तो कणभर इकडे आणि कणभर तिकडे होत असतो. जर्मनीतील माइन्झ आणि अमेरिकेतील बॉस्टन येथे चाललेला कॅस्पर हा प्रयोग अणुगर्भांच्या स्पिनवर होणारा असाच परिणाम शोधतो आहे. ज्या शून्यापासून सुरुवात झाली, त्या शून्यातच कृष्णद्रव्याची खूण दडलेली असू शकते.

सुरुवातीचा कोन किती होता, यावर आजच्या ॲक्सिऑनांचे प्रमाण ठरते. इथे विश्वाच्या इतिहासाचे दोन पर्याय आहेत. महास्फोटाच्या अगदी आरंभी विश्व क्षणार्धात कल्पनातीत फुगले, असे मानले जाते. त्याला इन्फ्लेशन म्हणतात. पेचेई-क्विन सममिती त्याआधी मोडली असेल, तर एका सूक्ष्म भागातला एकच कोन फुगून आपल्या साऱ्या दृश्य विश्वभर पसरला. मग तो कोन किती होता, हे योगायोगावर सोडावे लागते. शिवाय इन्फ्लेशनच्या काळातल्या पुंजीय चढउतारांनी ॲक्सिऑनच्या घनतेत वेगळ्या प्रकारचे चढउतार उमटायला हवेत, जे प्रकाशाच्या चढउतारांशी जुळत नाहीत. प्लँकच्या मापनात तसे काही दिसले नाही. हेही एक शून्यच, आणि त्याने या पर्यायातल्या इन्फ्लेशनच्या ऊर्जेवर कडक मर्यादा घातली आहे.

सममिती इन्फ्लेशननंतर मोडली असेल, तर चित्र अगदी वेगळे होते. विश्वाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे कोन. टॉम किबल यांनी १९७६ साली दाखवल्याप्रमाणे अशा वेळी भागांच्या सीमांवर ऊर्जेचे अतिशय बारीक, लांबच लांब तंतू तयार होतात. हे तंतू एकमेकांत गुंततात, तुटतात, आक्रसतात आणि त्यातून ॲक्सिऑन बाहेर पडतात. या पर्यायाचा मोठा गुण असा, की साऱ्या कोनांची सरासरी घ्यायची असल्याने योगायोगाला जागा उरत नाही. तत्त्वतः ॲक्सिऑनचे वस्तुमान गणिताने काढता येते. म्हणून गेली काही वर्षे महासंगणकांवर या तंतूंची प्रतिरूपे चालवली जात आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या गणनेत वस्तुमान, कणांसाठी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेच्या एककात, ४० ते १८० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात आले. इतर गटांची उत्तरे याहून वेगळी आहेत आणि तंतूंमधून नेमके किती ॲक्सिऑन निघतात, यावर त्यांच्यात वाद चालू आहे. दुसऱ्या बाजूने, वूपर्टाल आणि बुडापेस्ट येथील संशोधकांच्या गटाने २०१६ साली प्रबळ बलाच्या समीकरणांची महासंगणकावर आकडेमोड करून तापमान उतरत जाते तसे ॲक्सिऑनचे वस्तुमान कसे वाढत जाते, ते काढले. पहिल्या मायक्रोसेकंदाचा इतिहास आज अशा रीतीने अंकांत लिहिला जातो आहे.

खिडकीची दोन टोके

इथे एखादा श्रोता मला अडवून म्हणेल : कण आहे असे आधी मानायचे, सापडला नाही की त्याला अदृश्य म्हणायचे, याला विज्ञान कसे म्हणायचे? हा आक्षेप रास्त आहे. विश्वरचनेच्या बाबतीत असे आक्षेप घेण्याची आपल्याकडे चांगली परंपराही आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी महास्फोटाच्या सर्वमान्य चित्रावर दीर्घकाळ प्रश्न उभे केले आणि १९९३ साली फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह पर्यायी सिद्धान्तही मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तरी सर्वमान्य मताला पुराव्याची मागणी करत राहायचे, हा त्यांचा आग्रह आपण सोडता कामा नये.

ॲक्सिऑन या मागणीला उत्तर देऊ शकतो, कारण त्याला पळवाटा कमी आहेत. त्याचे वस्तुमान आणि इतर द्रव्याशी असलेला संबंध एकमेकांना बांधलेले आहेत. एक ठरले की दुसरे जवळपास ठरते. त्यामुळे निरीक्षणांनी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडता येते.

जड बाजूची मर्यादा एका मरणाऱ्या ताऱ्याने घातली. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलनी मेघातल्या एका अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांतील तीन उपकरणांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले. ते दहा-बारा सेकंदांच्या अवधीत विखुरलेले होते. ताऱ्याच्या कोसळलेल्या गाभ्यातली उष्णता न्यूट्रिनो हळूहळू बाहेर आणत होते, हे त्यावरून कळले. पुरेसे जड ॲक्सिऑन असते, तर तीच उष्णता त्यांनी आधीच लंपास केली असती आणि न्यूट्रिनोंचा झोत लवकर आटला असता. तो आटला नाही, म्हणून ॲक्सिऑन काही दहा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जड असू शकत नाही. दोन डझन कणांनी एवढा मोठा निवाडा दिला.

हलक्या बाजूची मर्यादा विश्वरचनाशास्त्राने दिली आहे. ॲक्सिऑन जितका हलका, तितके त्याचे आंदोलन उशिरा सुरू होते आणि तितके जास्त कृष्णद्रव्य आज शिल्लक राहते. सुरुवातीचा कोन मुद्दाम लहान धरला नाही, तर काही मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली गेल्यावर कृष्णद्रव्य गरजेपेक्षा जास्त होते. म्हणजे शोधायची खिडकी साधारणपणे मायक्रो ते मिलि या टप्प्यात येते. इलेक्ट्रॉनशी तुलना केली, तर १० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ॲक्सिऑन त्याच्या सुमारे पाच हजार कोटींव्या भागाएवढा हलका आहे.

तांब्याच्या पोकळीतला शोध

‘अदृश्य’ ॲक्सिऑनही पकडता येईल, हे १९८३ सालीच फ्लोरिडा विद्यापीठातील पियरे सिकिवी यांनी दाखवले. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनचे रूपांतर प्रकाशकणात होऊ शकते. त्या प्रकाशकणाची वारंवारता ॲक्सिऑनच्या वस्तुमानावरून ठरते. १० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ॲक्सिऑनसाठी ती सुमारे २.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे आपल्या घरातल्या वायफायच्या आसपास येते. आपल्या भोवतालच्या कृष्णद्रव्याची घनता धरली, तर असे ॲक्सिऑन दर घनसेंटिमीटरला सुमारे ४० लाख कोटी असतील, आणि त्या सगळ्यांचे मिळून वस्तुमान अर्ध्या प्रोटॉनहूनही कमी भरेल. इतके कण इतक्या दाटीने असल्यामुळे ते सुट्या कणांसारखे वागत नाहीत. शंभर मीटरहून लांब लहरीसारखे वागतात.

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एडीएमएक्स नावाचा प्रयोग हीच लहर शोधतो. त्याचा गाभा म्हणजे आतून तांब्याचा मुलामा दिलेले, सुमारे मीटरभर उंचीचे एक पोकळ नळकांडे. ते सातहून अधिक टेस्ला क्षमतेच्या अतिवाहक चुंबकाच्या पोटात बसवलेले असते आणि निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक दशांश अंशापर्यंत थंड केलेले असते. आत तांब्याचे दोन दांडे असतात. दांडे किंचित फिरवले की पोकळीच्या अनुनादाची वारंवारता बदलते. ती ॲक्सिऑनच्या वारंवारतेशी जुळली, तर पोकळीत क्षीण लहर साठू लागेल. तिची शक्ती किती? एक वॅट भागिले एकावर २३ शून्ये, इतपत. ती टिपायला पुंजभौतिकीच्या मर्यादेजवळ काम करणारे वर्धक लागतात. दांडे थोडे फिरवायचे, शंभर सेकंदांच्या आसपास ऐकायचे, नोंद करायची, पुन्हा थोडे फिरवायचे. असे रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. आपण झोपेत तर नाही ना, हे तपासण्यासाठी अधूनमधून यंत्रात कृत्रिम संकेतही सोडले जातात. तो संकेत प्रयोगाने ओळखला, तरच बाकीच्या शांततेवर भरवसा ठेवता येतो.

२०१८ साली एडीएमएक्सने जाहीर केले, की २.६६ ते २.८१ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात सर्वांत क्षीण संबंधाच्या मुख्य सिद्धान्ताचाही ॲक्सिऑन ऐकू येईल, इतकी क्षमता त्यांनी गाठली आहे, आणि तिथे तो नाही. पुढच्या वर्षांत हा पट्टा ४.२ पर्यंत वाढवला गेला. दक्षिण कोरियातल्या प्रयोगाने १२ टेस्लाचा चुंबक वापरून त्याच्या थोडे पुढे तशीच क्षमता गाठली. येल विद्यापीठातील हेस्टॅक या प्रयोगाने पुंजीय गोंगाट दाबण्याची नवी युक्ती वापरून शोधाचा वेग वाढवला. युरोपात सर्नच्या कास्ट या प्रयोगाने कण-त्वरकासाठी घडवलेला सुमारे नऊ मीटर लांबीचा चुंबक सूर्यावर रोखून सूर्यात तयार होणारे ॲक्सिऑन शोधले, आणि त्याचा मोठा वारस हॅम्बुर्ग येथे आकार घेतो आहे.

आकाशातही हा शोध चालतो. न्यूट्रॉन ताऱ्यांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीवरच्या कोणत्याही चुंबकापेक्षा अफाट मोठे असते. तिथे ॲक्सिऑनचे रेडिओलहरींत रूपांतर होत असेल, तर ती रेषा दुर्बिणीने दिसावी. अमेरिकेतील ग्रीन बँक आणि जर्मनीतील एफेल्सबर्ग या दुर्बिणींनी तसा शोध घेतला आहे. नारायणगावजवळ खोडद येथे उभी असलेली जीएमआरटी ही ३० अँटेनांची दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते, त्यांचा पट्टा ॲक्सिऑनच्या खिडकीच्या हलक्या टोकाशी जुळतो. म्हणजे या प्रश्नाला हात घालणारी साधने आपल्या दारातही आहेत.

‘नाही’ या उत्तराची किंमत

हे सगळे ऐकून कोणी विचारेल, की चाळीस वर्षांत मिळाले काय? माझे उत्तर असे आहे. पहिला ॲक्सिऑन नाकारला गेला, हे मिळाले. अतिनवताऱ्याने एक सीमा आखली, विश्वाच्या इतिहासाने दुसरी आखली. मधल्या खिडकीचे काही पट्टे वाचून संपले. कृष्णद्रव्याचे इतर उमेदवारही अशाच रीतीने तपासले जात आहेत. जड कणांसाठी अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या एका जुन्या खाणीत कित्येक टन द्रव झेनॉन डोळ्यांत तेल घालून राखला आहे, आणि तिथेही अजून काही सापडलेले नाही. ॲक्सिऑनच चूक ठरेल, हीही शक्यता मी मान्य करतो. उरलेली खिडकी पूर्ण वाचून झाली आणि ती रिकामी निघाली, तर न्यूट्रॉनचे शून्य पुन्हा आपल्यापुढे उभे राहील आणि त्याचे दुसरे कारण शोधावे लागेल. तेव्हा ते शोधणाऱ्याला कुठे शोधायचे नाही, याचा नकाशा तयार मिळेल. खरी हानी होईल ती अर्धवट मोजून ‘नाही’ म्हणण्याने, किंवा न मोजताच ‘आहे’ म्हणण्याने.

म्हणून शेवटी शिक्षकांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती करतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये अपेक्षित उत्तर आधी मनात धरायचे आणि निरीक्षणे मागाहून जुळवायची, ही सवय घट्ट रुजली आहे. गुण त्यालाच मिळतात, म्हणून मुलेही तेच शिकतात. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.२ आले, तर मुलाला ९.२ लिहू द्या. मग त्याच्याशेजारी बसून विचारा, की दोऱ्याची लांबी कुठून कुठे मोजली, किती आंदोलने मोजली, स्टॉपवॉच कधी दाबले. विद्युतमापीचा काटा हललाच नाही, तर ‘काटा हलला नाही’ हे वाक्य जर्नलमध्ये राहू द्या आणि त्यालाही गुण द्या. न्यूट्रॉनचा काटा हलला नाही, हे प्रामाणिकपणे लिहिणारी माणसे होती, म्हणून विश्वाच्या वस्तुमानापर्यंत जाणारी ही वाट उघडली. ॲक्सिऑनची उरलेली खिडकी वाचायला अजून बरीच वर्षे लागतील आणि ते काम आज शाळेत असलेली मुले करतील. हे काम झेपायचे असेल, तर आलेले शून्य न खोडता त्याचा जाब विचारण्याची सवय त्यांना आत्तापासून लागली पाहिजे.